वायरमनचा कोर्स: आधी बिघाड, मग धडा

सहा वर्षं हेल्परगिरी केलेली, त्यामुळे सहा महिन्यांच्या या कोर्सात आपल्याला नवीन काय शिकवणार, अशी घमेंड घेऊनच गेलो होतो. पहिल्या दिवशी फळ्यावर ओहमचा नियम नव्हताच. एक तक्रार लिहिली होती: ‘बाथरूमचा एमसीबी बंद ठेवलाय, तरी हॉलमधला हीटर लावला की आरसीसीबी पडतो.’ एमसीबी म्हणजे एकेका सर्किटचा ऑटोमॅटिक स्विच, आरसीसीबी म्हणजे करंट अर्थला गळला की लाइन तोडणारा स्विच, आणि ‘पडतो’ म्हणजे आपोआप बंद होतो. समोर अख्ख्या घराची वायरिंग केलेला बोर्ड, आत मुद्दाम घातलेला बिघाड.

त्या तासाला सर गिऱ्हाईक होतात. गिऱ्हाइकाला ठाऊक असेल तेवढंच सांगतात. ‘आरसीसीबी जुना आहे का?’ तर म्हणे, ‘मला काय कळतंय, वायरमन तुम्ही!’

मी सवयीने आरसीसीबीच बदलला. नवाही पडला. अर्धा तास वाया. मग गटातल्या एका मुलीनं विचारलं, ‘दुसरं काही लावलं तरी पडतो का?’ इस्त्री लावली, पडला. मोबाइलचा चार्जर लावला, नाही पडला. म्हणजे हीटर निर्दोष.

तिथून डोकं चालायला लागलं. मेन आणि आरसीसीबी बंद, उपकरणं सगळी काढली, मेगर (इन्शुलेशन तपासायचा मीटर) न्यूट्रल आणि अर्थला लावला: शून्य, म्हणजे दोन्ही कुठेतरी चिकटलेत. सगळ्या न्यूट्रल वायरी जिथे जोडतात त्या न्यूट्रल बारवरून एकेक वायर सुटी करत गेलो. बाथरूमची काढली आणि रीडिंग एकदम चढलं. गीझरच्या सॉकेटमागे अर्थ केलेल्या पत्र्याच्या पेटीत एक स्क्रू न्यूट्रलचं इन्शुलेशन खाऊन बसला होता. एमसीबी एका पोलचा, तो फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे हीटरचा परतीचा करंट थोडा न्यूट्रलनं, थोडा अर्थनं जायचा, आणि तीस मिलिअँपिअरवाला आरसीसीबी तेवढ्यानं पडायचा. अशा तक्रारीवर आजवर किती चांगले आरसीसीबी मी काढून फेकले असतील, देव जाणे.

सर गिऱ्हाइकाचं सोंग एकदाच सोडतात. मी टेस्टर पेटला नाही म्हणून वायरला हात घालणार, तोच ओरडले. मीटर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग बंद केलेल्या वायरवर, मग पुन्हा चालू लाइनवर. हे तेव्हापासून अंगवळणी पडलं.

आधी बिघाड, मग धडा ही पद्धत मूळची डॉक्टरकीच्या शिक्षणातली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली त्यावर वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला. रोग्याच्या जागी डीबी, म्हणजे घरातला एमसीबींचा बोर्ड, एवढाच काय तो फरक.

आता नावं ठेवायची तर आहेत. गट सहा जणांचा आणि मीटर एक. ज्याच्या हातात मीटर तोच शिकतो, उरलेले फोटो काढतात. ज्यांनी आयुष्यात वायर सोलली नव्हती, ते पहिले दोन आठवडे पार भांबावले होते. त्यांना आधी साधी जोडणी, टू-वे स्विच, हत्यारं एवढं तरी शिकवायला हवं होतं. आणि हिशेबाची बाजू लंगडी: लोडवरून वायरची जाडी, लांब लाइनवरचा व्होल्टेज ड्रॉप, हे ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिलं. बिघाड शोधणारा माणूस तयार होतो, पण नव्या घराचा लोड काढायला सांगा, मी अजून अडखळतो.

परीक्षेत मात्र बिघाड सापडला एवढ्यावर गुण नाहीत. कशावर संशय आला, तो कोणत्या रीडिंगवरून काढून टाकला, हे लिहावं लागतं. माझा बिघाड पाच मिनिटांत सापडला होता, गुण निम्मेच मिळाले. कागदावर लिहायला काही नव्हतं, कारण अंदाज लागला होता.