गूगल इनपुट टूल्स गेलं; आता मराठी कशावर टाइप करायचं?

दादरच्या आमच्या छोट्या प्रकाशनात पाच संगणक आहेत आणि पाचही जण वेगवेगळ्या पद्धतीने टाइप करतात. तरी बहुतेकांचा आधार एकच होता, विंडोजवरचं गूगल इनपुट टूल्स. वर्ड असो की ईमेल, रोमन अक्षरांत लिहायचं, स्पेस दाबली की मराठी शब्द हजर. इंटरनेटचीही गरज नव्हती. गूगलने ते डाउनलोड करण्याची सोय काढून टाकली, पण जुन्या मशीनवर ते चालू होतं म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. गेल्या पावसाळ्यात दोन संगणक बदलावे लागले, तेव्हा पर्याय शोधणं भाग पडलं. तुम्हीही त्याच जागी असाल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

आधी एक कळकळीची विनंती. त्या टूलची जुनी सेटअप फाइल भलत्याच संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नका. कीबोर्डचा प्रोग्राम तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण पाहू शकतो, बँकेचा पासवर्डसुद्धा. फाइलमध्ये कुणी काय घुसडलंय हे कळायला मार्ग नसतो.

ब्राउझरमधलं गूगलचं टूल आजही आहे. चार ओळी लिहून कॉपी-पेस्ट करायला ठीक, पण दोनशे पानांच्या पुस्तकासाठी नाही. शिवाय नेट गेलं की हात बांधले जातात.

सर्वांत जवळचा पर्याय विंडोजमध्येच आहे: मराठी फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार लिहून मराठी शब्द मिळवायचा कीबोर्ड. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून तो मिळतो. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की आपोआप येतो तो इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक बटणाला थेट मराठी अक्षर दिलेला कीबोर्ड. फोनेटिक त्या भाषेच्या ऑप्शन्समध्ये जाऊन वेगळा जोडावा लागतो. 'फोनेटिक आलंच नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकतात. जोडल्यावर विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून भाषा बदलायची. तुम्ही लिहाल तसे तो शब्द सुचवतो, त्यामुळे गूगलवर बसलेला हात दोन दिवसांत रुळतो. रोजची पत्रं, बातम्या, शाळेची कामं यांसाठी मी डोळे मिटून हाच सुचवेन.

पण आडनावं आणि गावांची नावं आली की अंदाजावर चालणारं कुठलंही टूल चाचपडतं. तुम्हाला हवं 'पाणी', ते देतं 'पानी'. यादीतून योग्य शब्द निवडताना लय तुटते, आणि घाईत चुकीचा निवडला तर तो प्रुफापर्यंत जातो. आमच्याकडे मतदारयादीसारखी नावांची लांबलचक जंत्री आली होती, तेव्हा फोनेटिकने आमचा दम काढला.

अंदाज नको असेल तर इनस्क्रिप्ट. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि जे दाबाल तेच अक्षर. ल आणि ळ एकाच बटणावर, शिफ्टसकट ळ. र आणि ऱ तसेच. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे हा तयार मिळतो आणि कुठलीही कंपनी तो सहजासहजी बंद करणार नाही, कारण तो भारत सरकारचा मानक आराखडा आहे. ज्यांचं अजून वय आणि वेळ दोन्ही आहे, त्यांनी हाच शिकावा. वीस वर्षं रोमनमध्ये लिहिलेल्या माणसाला मात्र 'महिनाभर हळू टाइप करा' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

मग आपलाच कीबोर्ड का बनवू नये, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं अक्षर हे आपणच का ठरवू नये? त्यासाठीची दोन फुकट साधनं मी वापरून पाहिली: मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर आणि किमॅन.

लेआउट क्रिएटर सोपं आहे. चित्रातल्या बटणावर अक्षर ठेवायचं, सेटअप बनवायचं, झालं. तो कीबोर्ड विंडोजचाच भाग बनतो, मागे वेगळा प्रोग्राम चालू ठेवावा लागत नाही. एका बटणावर युनिकोडची (संगणक अक्षरं साठवतो त्या सर्वमान्य संकेतपद्धतीची) जास्तीत जास्त चार चिन्हं मावतात. 'क्ष' (क, पाय मोडण्याची खूण, ष) आणि 'ज्ञ' तीन-तीन चिन्हांचे, आरामात बसतात. 'श्री' बरोबर चार चिन्हांची, म्हणून तीही बसते. पण या साधनाला आधी काय टाइप झालंय ते बघून ते बदलता येत नाही, आणि मराठीत तर तेच लागतं.

आमच्या प्रूफरीडर काकांचं उदाहरण घ्या. त्यांचा हात टंकलेखन यंत्रावरचा. 'कि' लिहिताना ते आधी वेलांटी दाबतात, मग क. युनिकोडमध्ये क आधी साठवला जातो, वेलांटी नंतर. लेआउट क्रिएटरच्या कीबोर्डवर काकांची वेलांटी आदल्या अक्षराला चिकटते, नाहीतर ठिपक्यांच्या गोलावर लटकते.

हे काम किमॅन करतं. एसआयएल या संस्थेचं हे मुक्त साधन आहे. त्यात नियम लिहायचे असतात: रोमन 'k' दाबलं की पाय मोडका क् यावा, पुढे 'a' आला की पाय मोडण्याची खूण काढून टाकावी. काकांसाठी नियम असा, की वेलांटी थांबवून ठेव, व्यंजन आलं की त्याच्यामागे लाव. आमचा रोमन पद्धतीचा कीबोर्ड दोन रविवारांत तयार झाला. काकांच्या कीबोर्डला, रफार आणि जोडाक्षरांमुळे, दीड महिना लागला. सगळ्यात किचकट भाग म्हणजे बॅकस्पेस. तो दाबल्यावर काय पुसलं जावं याचाही विचार करावा लागतो. आणि किमॅन सतत चालू असावा लागतो. बंद पडला की कीबोर्डही बंद.

इतके कष्ट कशासाठी, असं कुणी विचारेल. माझ्यासाठी मुख्य कारण वेगळंच निघालं. 'ॲप' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: अ वर अर्धचंद्र देऊन, किंवा २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आलेलं ॲ हे एकच अक्षर वापरून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक सापडतो, दुसरा निसटतो. 'दुसऱ्या'चंही तेच. कुणी ऱ वापरतं, कुणी साधा र, हलंत (पाय मोडण्याची खूण) आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पाच जणांनी पाच टूल्स वापरली की एका पुस्तकात एकच शब्द दोन रूपांत येतो आणि पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीत त्या शब्दापुढचे पान क्रमांक अपुरे राहतात. आपल्या किमॅन कीबोर्डात मी ही दोन्ही अक्षरं एकाच रूपात पक्की करून टाकली. कुणीही टाइप केलं तरी आतलं युनिकोड सारखंच.

म्हणून एकटे लिहित असाल तर फोनेटिक घ्या आणि कामाला लागा. स्वतः कीबोर्ड बनवण्याच्या भानगडीत पडू नका. तीन-चार जण मिळून एकच मजकूर हाताळत असाल, किंवा कुणाचा हात यंत्रावर बसलेला असेल, तर किमॅनवर घालवलेले रविवार वसूल होतात. लेआउट क्रिएटर फक्त इनस्क्रिप्टमध्ये दोन-चार बटणं बदलून हवी असणाऱ्यांसाठी.

निर्णयाआधी प्रत्येक कीबोर्डवर हे शब्द टाइप करून बघा: वऱ्हाडी, ॲसिड, ऑफिस, कॅरम, किर्र, शार्ङ्गधर, भायखळा, काळबादेवी. मग ती फाइल वर्डमध्ये उघडून दुसऱ्या कुणाला तेच शब्द आपल्या कीबोर्डवरून शोधायला सांगा. आमच्या पहिल्या चाचणीत वऱ्हाडी सापडला नव्हता.