‘तुमचा ट्रक आरामात ओढेल’ म्हणणाऱ्या सेल्समनपासून सावध राहा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत हल्ली ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचे बेत चालू असतात. मुलांना यलोस्टोन दाखवायचं, भारतातून आई-बाबा आले की त्यांना रोज नवं हॉटेल नको, चहा-पोळी आपली आपल्याला करता यावी. आमचंही तेच होतं. डेन्व्हरजवळच्या एका मोठ्या डीलरने याचा पुरेपूर फायदा घेतला आणि आमच्या ट्रकला न झेपणारा ट्रेलर आमच्या गळ्यात मारला. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण गंडवायची ही पद्धत त्या एका दुकानापुरती नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा ट्रक म्हणजे हाफ-टन, घरगुती वापराचा साधा पिकअप, चार दारांचा. सेल्समनने त्याचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला आणि एक कागद छापून दिला: ट्रकची ओढण्याची क्षमता ११,२०० पाउंड, ट्रेलर ६,१८० पाउंड, खाली हिरव्या अक्षरांत ‘मॅच’. मी त्याला सरळ विचारलं, "आम्ही तिघं, शिवाय साताऱ्याहून येणारे आई-बाबा. पाच माणसं आणि सामान घेऊन चालेल ना?" तो म्हणाला, "पाच हजार पाउंड शिल्लक आहेत, काळजीच करू नका."

त्या कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता. खोटं होतं ते त्यांचं गणित.

६,१८० हे ट्रेलरचं ड्राय वेट. म्हणजे पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत, डीलरने नंतर बसवलेली जादा बॅटरीही नाही. एक गॅलन पाणी सव्वाआठ पाउंडांहून जास्त भरतं, ५० गॅलनची टाकी भरली की तिथेच चारशेच्या वर गेलं. आणि ११,२०० हा आकडा ज्या प्रमाणित चाचणीतून येतो, तिच्यात ट्रकमध्ये दीडशे-दीडशे पाउंडांची दोनच माणसं धरतात. मागच्या सीटवर आपले आई-बाबा आणि मुलगी बसलेली त्या आकड्याला ठाऊकच नसतात.

ट्रेलरचं सगळं वजन काही त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. भरलेल्या ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवरून (ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरून) थेट ट्रकच्या पाठीवर येतो, त्याला टंग वेट म्हणतात. तो हवाच, कमी पडला तर ट्रेलर मागे डोलायला लागतो. पण ट्रकसाठी तो सामानासारखाच असतो आणि पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःवर वाहू शकतो त्या वजनातून, वजा होतो. पेलोड किती ते ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक इतक्या वजनापुढे जाऊ नये. आमच्या स्टिकरवर १,४८० पाउंड आहे, म्हणजे जेमतेम ६७० किलो.

आता तो हिशोब करू, जो त्या माणसाने करून दाखवायला हवा होता. ट्रेलरच्या पाटीवर भरल्यानंतरचं कमाल वजन ७,६०० पाउंड आहे. त्याचे १३ टक्के धरले तर ९९० च्या आसपास. हिचचं स्वतःचं वजन ९०. १,४८० मधून हे वजा केलं की उरतात ४००. आम्ही पाच जण मिळून ७२० पाउंड. म्हणजे एकही पिशवी चढवण्याआधी ट्रक ३२० पाउंडांनी जास्त भरलेला! रोज दहा ट्रेलर विकणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, यावर मी कधीच विश्वास ठेवणार नाही.

मी टंग वेट विचारलं तेव्हा त्याने ब्रोशरमधला ६४० दाखवला. तोही रिकाम्या ट्रेलरचा. वर ‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावला की ट्रकवरचा भारच निघून जातो’ असं सांगून तो महागडा हिच बिलात चढवला. तो हिच चांगली वस्तू आहे, पण तो काही भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतो, इतकंच. स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही.

आय-७० महामार्गावरून डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना इंजिनने कुठेच तक्रार केली नाही, म्हणून तर धोका लवकर दिसत नाही. अकरा हजार फुटांवरचा तो बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्नकडे उतार लागला, तेव्हा स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं, कारण मागचा भार पुढची चाकं उचलत होता. शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर आम्हाला बाजूला खेचायचा. आईने मागून माझी सीट घट्ट धरली होती.

पुढच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर गाडी घातली. पुढचा एक्सल ३,०५०, मागचा ४,३२०, ट्रेलरचे एक्सल ६,४४०. मागच्या एक्सलची मर्यादा ४,०००. ट्रकची एकूण मर्यादा ७,०००, भरला ७,३७०. हा वजनकाटा मालवाहू ट्रकवाल्यांचा असला तरी कुणालाही वापरता येतो, आणि ती चिठ्ठी तक्रारीत आता आमचा सगळ्यात भक्कम कागद आहे.

चिठ्ठी घेऊन गेलो तर मॅनेजरने हात वर केले. सह्यांच्या गठ्ठ्यातली एक ओळ दाखवली: ‘ओढण्याच्या क्षमतेची खातरजमा ग्राहकाने करायची आहे.’ मग लगेच, त्यांच्याच दुसऱ्या यार्डातला थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे आमच्याहून दणकट ट्रक घ्या, तुमचा आम्ही बदल्यात घेतो! मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. एकदा फसवलेल्या माणसालाच पुन्हा गिऱ्हाईक करायचं. आणि तीन दिवसांत वस्तू परत करता येते असं आपल्यात सर्रास सांगतात, तो नियम घरी येऊन केलेल्या विक्रीसाठी आहे. डीलरच्या दुकानात जाऊन घेतलेल्या गाडीला तो लागू नाही.

सध्या आई-बाबांना घेऊन जायचं तर दुसरी कार सोबत नेतो, पाण्याची टाकी रिकामी ठेवतो आणि मुक्कामाला पोचल्यावर भरतो. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रार केली आहे. तुम्ही बघायला जाणार असाल तर आधी आपल्या दारावरच्या स्टिकरचा फोटो काढून न्या. ब्रोशरमधला पेलोड धरू नका, त्याच मॉडेलच्या दोन ट्रकांत काही शे पाउंडांचा फरक असतो. मग सेल्समनकडून ट्रेलरच्या कमाल वजनावरचं टंग वेट, तुमच्या माणसांचं वजन आणि उरलेला पेलोड, हे तिन्ही आकडे सहीनिशी लिहून मागा. तो टाळाटाळ करायला लागला तर सही न करता बाहेर पडा.