४१,४९० रुपयांचा पंखा

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं. ४१,४९० रुपये. बदल्यात मिळालं काय, तर प्लास्टिकचा एक पंखा, दोन वायरी आणि १५ अँपिअरचा फ्यूज.

विकणाऱ्याने माल म्हणून सांगितला होता माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटरसायकलसाठी सुपरचार्जर किट, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारं यंत्र. जपानमधल्या छोट्या गाड्यांतून काढलेला जुना रूट्स ब्लोअर (हवा ढकलणारा पंप), ब्रॅकेट, पुली, बेल्ट, नवीन मॅप (इंधन-ठिणगीचं गणित) टाकलेला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. सगळं मिळून ६४,५००. त्यातले १८,००० आगाऊ, बाकीचे माल आल्यावर. मूळ इंजिन २४.३ बीएचपीचं (हॉर्सपॉवर), ते ३६ वर जाणार. वाळूत आणि खड्या चढावर ही गाडी कशी दमते ते चालवणाऱ्यालाच माहीत, त्यामुळे "लोभ सुटला" वगैरे मला ऐकवू नका. आणि हे काही हवेतलं नाही. कावासाकीने २०१५ मध्ये एच२ मोटरसायकल थेट कारखान्यातून सुपरचार्जर लावून विकली. ऐसिन या जपानी कंपनीचे जुने ब्लोअर सिंगल सिलिंडरवर बसवणारे हौशी लोकही जगात आहेत. खोटं असं खऱ्याला चिकटून आलं की ओळखणं इतकं सोपं नसतं.

पण तो आलेख! विकणाऱ्याने डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख पाठवला होता. एक रेष हॉर्सपॉवरची, दुसरी टॉर्कची (फिरवण्याचा जोर), पाउंड-फुटात, दोन्ही एकाच मोजपट्टीवर. आता इंजिनात हात घालणाऱ्या कुणालाही माहीत असतं की असा आलेख असेल तर दोन्ही रेषा ५,२५२ आरपीएमला (मिनिटाला फेरे) एकमेकींना छेदतात. इंजिन ट्रकचं असो की मोपेडचं. पॉवर टॉर्कवरूनच काढतात, सूत्रच तसं आहे, त्यात कुणाच्या कौशल्याला वाव नाही. या महाशयांच्या रेषा छेदत होत्या ४,१०० च्या आसपास. म्हणजे तो आलेख कुठल्याही डायनोने काढलेला नव्हता, कुणीतरी बसून रंगवला होता. चार लोकांना हेच ५,२५२ मी स्वतः समजावून सांगितलंय! फोनच्या एवढ्याशा पडद्यावर रात्री चित्र बघितलं, नजर थेट ३६ वर गेली, खालचा अक्ष कोण वाचतो. आलेख मोठा करून बघा. आधी तो बघा, मग किंमत विचारा.

ब्लोअर फिरवायला ड्राइव्ह कुठून घेता, हे मी विचारलं होतं बरं का. कारच्या इंजिनाला बाहेर पुली असते, बेल्ट चढवता येतो. या इंजिनाचा क्रँक (फिरणारा मुख्य दांडा) कव्हरच्या आत बंद. त्यावर त्याचा व्हॉइस मेसेज आला, "भाऊ, तेच तर आपलं सीक्रेट आहे." नंतर ईसीयूच्या मॅपसाठी ९,९०० मागितले, तेही दिले.

पार्सलमधून निघाला पंखा. बोटीच्या तळातली कोंदट हवा बाहेर काढायला वापरतात त्या जातीचा. गणित करून बघा. ४११ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ६,५०० आरपीएमला मिनिटाला साधारण १,३०० लिटर हवा ओढतं. त्यात सहा पीएसआय बूस्ट (हवेचा वाढीव दाब) हवा असेल, तर नुसती हवा दाबायलाच दोनेक किलोवॅट लागतात. फ्यूज १५ अँपिअरचा, बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे फार तर १८० वॅट. तो पंखा बूस्ट देणं सोडाच, वाटेत आडवा बसून इंजिनाचा श्वास अडवेल.

"हे फक्त असिस्ट युनिट आहे, मेन ब्लोअर कस्टममध्ये अडकलाय," असं फोनवर उत्तर. ड्यूटी ७,३५०, विमा १,२४०, परत मिळणारं डिपॉझिट ५,०००. शहाण्यांनी सांगावं, २७,९०० आधीच अडकलेले असताना १३,५९० साठी कोण हात आखडता घेतो? सगळे पैसे गेले आणि मग नंबर ब्लॉक.

मग सुरू झाली सरकारी वारी. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पुढे शांतता. (जे करायचं ते पैसे गेल्यागेल्या करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगली की गोठवायला काही उरत नाही. तोंड लपवण्यात मी वेळ घालवला. मित्रांत इंजिनवाला म्हणून मला विचारतात, सांगणार कसं?) बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत, आमचा संबंध नाही. पोलीस ठाण्याने सायबरकडे पाठवलं, सायबरने पुन्हा ठाण्याकडे. तिथे साहेबांनी पंखा हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाले, "पार्सल तर मिळालंय ना? मग हा दिवाणी मामला." सुपरचार्जर मागून पंखा मिळाला तर तो दिवाणी मामला! दुसरे म्हणाले आरोपी परराज्यातला आहे, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर नोंदवून घ्यायची. हे मी बोललो तर मलाच उलट प्रश्न, "गाडीत असा बदल करायची परवानगी आहे का तुमच्याकडे? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहितीये? दर बदलाला पाच हजार दंड." अहो, बदल झालाच नाही, तीच तर माझी तक्रार आहे! चोर राहिला बाजूला, मी आरोपी. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, तक्रार राहत्या ठिकाणी करता येते, सगळं उत्तम. फक्त समोरच्याचा पत्ता द्या म्हणतात. तो असता तर मी आयोगात कशाला आलो असतो?

बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजा. खरा पंधरा अक्षरांचा असतो, माझ्या बिलावर तेराच होती. आणि किट विकणाऱ्याने तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते) विचारलं नाही तर फोन ठेवा. या इंजिनाचं ९.५:१ आहे, एच२ चं सुपरचार्जर सोसावा म्हणून मुद्दाम ८.५:१ ठेवलेलं आहे. कॉम्प्रेशन, इंजेक्टर, नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं), यातलं काहीच न विचारता जो खाते क्रमांक आधी पाठवतो, त्याला इंजिनाशी देणंघेणं नाही.

परवा ठाण्यात कळलं की एकट्या तक्रारदारावर कुणी हलणार नाही, "अजून चारजण असते तर बघितलं असतं." म्हणून लिहिलं. ४,१०० ला छेदणाऱ्या रेषांचा तो आलेख ज्यांच्याकडे आला असेल आणि पैसे गेले असतील, त्यांनी चॅट पुसू नका, यूपीआयचे व्यवहार क्रमांक जपा आणि आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या.