आहे तिथेच राहायचं की वरच्या कॉलेजात ट्रान्सफर घ्यायची?

अमेरिकेत पहिलं सेमिस्टर संपत आलं की बऱ्याच मुलांच्या मनात ट्रान्सफरचा, म्हणजे पदवीच्या मध्येच कॉलेज बदलण्याचा, विचार घोळू लागतो. हायस्कूल संपताना जिथून नकार आला होता तिथे पुन्हा एकदा नशीब आजमावावं का? दुसरीकडे, आहे त्या कॉलेजात बस्तान बसू लागलेलं असतं. माझा कल आधीच सांगतो. तुम्हाला हवा तो विषय, हव्या त्या पातळीचे वर्ग किंवा प्रयोगशाळा सध्याच्या कॉलेजात नसेल, तर ट्रान्सफरसाठी जिवाचं रान करा. नुसतं नाव हवं असेल तर तिथेच राहा आणि पदवी उत्तम करा. ते नाव मास्टर्सच्या वेळीही मिळवता येतं.

प्रवेशाच्या शक्यतेबद्दल सरसकट बोलण्यात अर्थ नाही, इतका फरक कॉलेजागणिक पडतो. प्रिन्स्टनने १९९०पासून बंद ठेवलेली ट्रान्सफर २०१८मध्ये पुन्हा सुरू केली, तेव्हा १३ जणांना प्रवेश दिला. त्यातही कम्युनिटी कॉलेजातल्या (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातल्या) आणि लष्करी पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य होतं. हार्वर्डमध्ये वर्षाला जेमतेम डझनभर जण जातात. उलट कॉर्नेल दरवर्षी शेकडो ट्रान्सफर विद्यार्थी घेतं. काही अर्जदारांना तर पहिल्याच वेळी सांगितलं जातं, की वर्षभर दुसरीकडे शिका, ठरवून दिलेले ग्रेड टिकवा आणि मग या. असं पत्र तुमच्या हातात असेल तर तुमची गोष्टच वेगळी. यूसीएलएचे (कॅलिफोर्निया विद्यापीठ म्हणजे यूसी, त्याचा लॉस एंजेलिसचा कॅम्पस) ९० टक्क्यांहून अधिक ट्रान्सफर विद्यार्थी कॅलिफोर्नियातल्याच कम्युनिटी कॉलेजांतून येतात. त्या कॉलेजांतून डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा यूसी कॅम्पसना अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमीही मिळू शकते. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो मात्र त्यात नाहीत. म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या चार वर्षांच्या कॉलेजातून यूसीएलएला अर्ज करणारा या रांगेत बराच मागे उभा असतो.

खरा हिशेब क्रेडिट्सचा, म्हणजे प्रत्येक कोर्स पूर्ण केल्यावर पदवीच्या खात्यात जमा होणाऱ्या गुणांकांचा. पदवीला साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट्स लागतात. राहिलात तर मिळवलेलं प्रत्येक क्रेडिट तुमचंच. गेलात तर किती टिकतील हे नवं कॉलेज ठरवणार. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या जीएओ या सरकारी तपासणी संस्थेने २०१७च्या अहवालात अंदाज मांडला होता, की २००४ ते २००९ या काळात ट्रान्सफर घेणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स बुडाली. सगळ्या तऱ्हेच्या कॉलेजांची ही सरासरी आहे, त्यामुळे तुमचं नुकसान कमी असू शकतं, पण गृहीत धरू नका.

यात एक बारकावा हमखास नजरेतून सुटतो. क्रेडिट मान्य होणं वेगळं आणि ते मेजरमध्ये (पदवीच्या मुख्य विषयात) धरलं जाणं वेगळं. समजा तुम्ही डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स चांगल्या ग्रेडने केला. नवं कॉलेज त्याची क्रेडिट्स देतं, पण खाली लिहितं ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे ऐच्छिक कोर्स. मग त्यांचा डेटा स्ट्रक्चर्स पुन्हा करायचा, तो झाल्याशिवाय अल्गोरिदम्सला बसता येत नाही, आणि अल्गोरिदम्सशिवाय पुढचे निम्मे कोर्स अडतात. कागदावर एकही क्रेडिट बुडालेलं नसतं, तरी पदवी एक सेमिस्टर लांबते. शिवाय अनेक खासगी कॉलेजांची अट असते, की निम्मी क्रेडिट्स त्यांच्याच वर्गांत मिळवलेली हवीत. जीपीएही (ग्रेड्सची सरासरी) बहुतेक ठिकाणी शून्यापासून सुरू होतो. म्हणून अर्जाआधीच जुन्या कोर्सेसचे सिलॅबस जपून ठेवा आणि होकार आल्यावर ‘माझे कोर्स मेजरमध्ये कसे धरणार?’ हे डिपार्टमेंटकडून लेखी घ्या. कॅलिफोर्नियात हे काम ‘असिस्ट’ या सरकारी वेबसाइटवर आधीच पाहता येतं, ही मोठीच सोय आहे.

पैशाच्या बाबतीत पारडं बहुधा राहण्याकडे झुकतं. गुणवत्तेवर मिळालेली स्कॉलरशिप त्याच कॉलेजापुरती असते, निघालात की संपली, आणि नव्या ठिकाणी अशा स्कॉलरशिप मुख्यतः फ्रेशमनसाठी (थेट पहिल्या वर्षात येणाऱ्यांसाठी) राखलेल्या असतात. मात्र घरची मिळकत कमी असेल तर श्रीमंत खासगी कॉलेजांची गरजेवर आधारित मदत हे चित्र पार उलटवू शकते. एफ-१ व्हिसावरच्यांना, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना, ही मदत क्वचितच मिळते.

मग वरच्या कॉलेजाचा फायदा किती? डेल आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२मध्ये दाखवलं, की सारख्याच कॉलेजांना अर्ज केलेल्या, सारख्या कुवतीच्या विद्यार्थ्यांत अधिक निवडक कॉलेजात गेल्याने पुढच्या कमाईत विशेष फरक पडत नाही. गरीब घरातल्यांना मात्र फायदा दिसला. २०२३मध्ये चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांनी आयव्ही लीग (हार्वर्ड, प्रिन्स्टनसारखी आठ जुनी नामांकित विद्यापीठं) आणि त्या तोडीच्या कॉलेजांची तुलना नावाजलेल्या सरकारी विद्यापीठांशी केली. सरासरी कमाईत फार फरक नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे निम्म्याने वाढते, असं त्यांना आढळलं. दोन्ही अभ्यास फ्रेशमन म्हणून गेलेल्यांवर बेतलेले आहेत. उशिरा पोहोचणाऱ्याला तेवढाच लाभ होईल असं मी मानत नाही. त्याचं कारण साधं आहे: तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या मुलाखती त्याआधीच्या शरद ऋतूतच सुरू होतात, तेव्हा तुम्ही नव्या कॅम्पसवर वर्ग शोधत फिरत असता. जुन्या कॉलेजात मात्र तोवर एखाद्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये तुमची जागा झालेली असते.

बराक ओबामा ऑक्सिडेंटल हे छोटं कॉलेज सोडून १९८१मध्ये कोलंबियाला गेले. वॉरन बफे व्हार्टन हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं नावाजलेलं बिझनेस स्कूल सोडून नेब्रास्का विद्यापीठात गेले, तिथून पदवी घेतली आणि मग कोलंबियातून मास्टर्स केलं. दुसरा रस्ता लोकांना सहसा आठवत नाही.

ठरवायचंच असेल तर कामाला ऑक्टोबरपासून लागा. अनेक कॉलेजांची अर्जाची मुदत मार्चमध्ये असते, यूसीची तर आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. बऱ्याच ठिकाणी शिफारसपत्र कॉलेजातल्या प्राध्यापकाचं लागतं, आणि मिड-टर्म रिपोर्टवर चालू सेमिस्टरचे ग्रेड भरून घेण्यासाठी एकेका प्राध्यापकापुढे जावं लागतं. दोनशे जणांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून हे जमणार नाही. ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी ठेवलेल्या वेळेला) जात राहा आणि ट्रान्सफरचं कारण स्पष्ट सांगा. इथे अमुक कोर्स नाही, असं म्हटलेलं कुणालाही लागत नाही. आणि हाच सराव, ट्रान्सफर मिळाली नाही तरी, त्या लॅबमधल्या जागेसाठी उपयोगी पडतो.

एफ-१वर असाल तर जुन्या कॉलेजाकडून सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) नव्या कॉलेजाकडे वळवून नवा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र) घ्यावा लागतो, आणि मध्ये पाच महिन्यांहून मोठा खंड चालत नाही.

नवं कॉलेज पक्कं झाल्यावर जुन्या रजिस्ट्रारला एक गोष्ट विचारा: नाव पूर्ण काढून टाकण्याऐवजी काही काळाची रजा मिळते का आणि दुसरीकडे शिकत असताना ती चालते का. काही ठिकाणी चालते, आणि मग पहिल्या सेमिस्टरनंतर परतायची वेळ आलीच तर नव्याने अर्ज करावा लागत नाही.