एमओटी पास आहे, एवढंच बघितलं

मी वॉर्डात नर्स आहे. पेशंटचा चार्ट हातात आला की शेवटच्या आकड्यावर माझं कधी समाधान होत नाही. आत्ता बीपी नॉर्मल आहे, ठीक; पण सकाळी किती होतं, रात्री किती होतं, मध्ये कुणी काही दिलं का? तीच मी, २०२५च्या मार्चमध्ये गाडीच्या चार्टवरचा, म्हणजे दरवर्षीच्या एमओटी तपासणीच्या नोंदींतला, फक्त शेवटचा आकडा बघून एका अनोळखी माणसाला २,६५० पौंड देऊन मोकळी झाले.

सांगलीहून इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला आल्यावर पहिलं वर्ष बसने काढलं. रविवारी सकाळी सातची ड्यूटी असली की पहिली बस धरूनही उशीर व्हायचा. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतं, म्हणून त्या मुदतीत इथली परीक्षा दिली, पास झाले आणि गाडी शोधायला लागले. नव्या ड्रायव्हरचा विमा किती पडतो हे कळल्यावर गाडीसाठी फारसं उरलंच नाही. तीन हजारांच्या आत जे काय मिळेल ते.

जाहिरात साधी होती. २०११ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख बारा हजार मैल, घरगुती वापर, 'पूर्ण बारा महिन्यांची एमओटी, एकही ॲडव्हायजरी नाही', म्हणजे तपासणाऱ्याचा इशाऱ्याचा एकही शेरा नाही. फोन केला, म्हटलं, गाडीबद्दल बोलायचंय. पलीकडून अगदी गोड आवाज, "कुठली गाडी, लव्ह?" मी रंग सांगितला. त्या प्रश्नात काही खटकण्यासारखं आहे हे मला तेव्हा सुचलं नाही.

जे नवीन आलेत त्यांच्यासाठी एमओटीबद्दल थोडं. नाव जुन्या वाहतूक मंत्रालयाचं, तपासणी १९६० पासूनची. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करावी लागते, कारसाठी जास्तीत जास्त फी ५४.८५ पौंड. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे, धूर, गंज हे सगळं बघतात. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची तब्येत मात्र बघत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. आपल्याकडे खासगी गाडीचा फिटनेस पंधरा वर्षांनी, आणि पीयूसीची चिठ्ठी पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर. त्यामुळे इथे दरवर्षी कुणीतरी गाडीच्या पोटाखाली शिरून बघतं, याचंच मला केवढं अप्रूप! सरकारी शिक्का दिसला की आपला जीव भांड्यात पडतो. माझाही पडला.

गाडी बघितली सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. घर का नाही, तर म्हणे समोर रस्त्याचं काम चाललंय. इंजिन गरम होतं, तो चालवतच आला होता. लॉगबुकवर, म्हणजे इथल्या आरसी बुकवर, बाईचं नाव. "बहिणीची गाडी, ती आता चालवत नाही." फोनवर त्याने तपासणीच्या निकालाचा फोटो दाखवला : फेब्रुवारी २०२५, पास, खाली काही नाही. सोबत आलेल्या नवऱ्याने टायरला लाथ मारली, दारं उघडमीट केली, रेडिओ लावून बघितला. आम्हा दोघांची तपासणी एवढीच. बँकेतून पैसे पाठवले, त्याने लॉगबुकची हिरवी चिठ्ठी फाडून दिली, आणि मी तिथेच फोनवर रोड टॅक्स भरला. २०१४पासून जुन्या मालकाचा टॅक्स नव्याकडे येत नाही, हे तेवढं मला माहीत होतं. त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

पाचव्या आठवड्यात चढावर, आणि ब्रॅडफर्डमध्ये चढ सोडून आहे काय, मागून ठक ठक यायला लागलं. ब्रेकचा पेडलही मऊ लागायचा. वॉर्डातल्या एका सिस्टरच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी रॅम्पवर चढवली, हँडलॅम्प धरला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मागच्या सबफ्रेमवर, म्हणजे मागची चाकं ज्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली असतात त्यावर, टकटक केलं. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्याच्यामागून तपकिरी चुरा खाली पडला. शिळ्या भाकरीचा पडावा तसा. "हे अंडरसील ताजं आहे," गंज लागू नये म्हणून खालून लावतात त्या काळ्या थराबद्दल तो म्हणाला, "गंज जुना आहे."

सांगलीत माझे काका सेकंड हँड जीप घेताना म्हणायचे, रत्नागिरीकडची नको, खारा वारा खालून पत्रा खातो. इथे समुद्र लांब आहे, पण हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. काकांचं वाक्य मला तिथे, त्या रॅम्पखाली आठवलं. दीड महिना उशिरा.

मग मेकॅनिकने हात पुसले, माझ्या गाडीचा नंबर फोनवर टाकला आणि सरकारी साइटवरचा तिचा पूर्ण एमओटी इतिहास उघडला. फुकट आहे. फक्त नंबरप्लेट लागते, मालकाची परवानगीही नको. जाहिरात बघता बघता, सोफ्यावर बसून, मी तो दोन मिनिटांत वाचू शकले असते.

साइटवर सगळ्यात नवी तपासणी वर दिसते. तो सरळ तळाशी गेला. "कादंबरी शेवटच्या पानापासून वाचतेस का तू?"

२०१४, पहिली तपासणी, पास. पुढे वर्षाला आठ-नऊ हजार मैल, नेमाने. मीटर मागे फिरवलेलं असेल तर इथेच दिसतं, एखाद्या वर्षी आकडा कमी झालेला असतो. माझ्या गाडीचे आकडे चोख होते. मी तेवढं बघितलं असतं तरी फसलेच असते. २०२१ला नापास, मागची स्प्रिंग तुटलेली. दोन दिवसांनी पास. हे वाचून मी कपाळाला हात लावला, तर तो म्हणाला, ही यातली चांगली नोंद आहे. दोष सापडला, कुणीतरी पैसे खर्चून दुरुस्त केला, पुन्हा दाखवला. नापास झालेली गाडी वाईटच असते असं नाही.

२०२२ : मागच्या सबफ्रेमला गंज, पण अजून कमजोर नाही. टायर आतल्या कडेने झिजलेले. २०२३ : तोच गंज, तेच टायर, शिवाय खालच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) सैल, थोडी तेलगळती, आणि एक ओळ जी मला आता तोंडपाठ आहे : ब्रेक पाइप गंजलेला, ग्रीस किंवा अन्य पदार्थाने झाकलेला. म्हणजे तपासणाऱ्यालाच खालचा पाइप धड दिसला नव्हता, आणि तसं त्याने लिहून ठेवलं होतं. या सगळ्या ॲडव्हायजरी. गाडी त्यांच्यावर नापास होत नाही, पण पुढच्या वर्षाचं बिल त्यात लिहिलेलं असतं. २० मे २०१८पासून दोषांची डेंजरस, मेजर, मायनर अशी प्रतवारी आहे. पहिल्या दोन्हींत नापास, मायनरला पास. ॲडव्हायजरी त्याच्याही खाली, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

२०२४चा नोव्हेंबर आला आणि गेला, तपासणीच नाही. मग फेब्रुवारी २०२५, पास, एकही शेरा नाही.

गंज बरा होत नाही. बुश आपोआप घट्ट होत नाहीत. दोन वर्षं वाढत आलेली यादी एका सकाळी कोरी झाली, तर एकतर मोठं बिल कुणीतरी भरलंय आणि त्याची पावती आहे, नाहीतर तपासणाऱ्याने मान वर केलीच नाही. मी पावती मागितली नव्हती. लॉगबुकवरचा अकरा आकडी नंबर टाकला की तपासणी कुठे झाली तेही दिसतं. आधीच्या सगळ्या हॅरोगेटमध्ये, एकाच ठिकाणी. शेवटची दुसऱ्याच शहरात.

पार्किंगमध्ये नवऱ्याने लॉगबुकचा फोटो काढून ठेवला होता (टायरला लाथ मारल्याचं यामुळे मी माफ केलं). त्यावरच्या पत्त्यावर त्या बाईंना पत्र लिहिलं. आठवड्याने त्यांचाच फोन आला. निवृत्त शिक्षिका, फार सज्जन. एमओटीआधी दुरुस्तीचा अंदाज काढला तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला, म्हणून नोव्हेंबरमध्ये नवी घेताना ही जुनी त्यांनी डीलरला दिली. "आणि माझ्या भावाचं काय म्हणालात? मला भाऊ नाही."

म्हणजे तो धंदेवाला होता, घरगुती विक्रेत्याच्या वेषात. यानेच सगळा फरक पडतो. डीलरकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर २०१५च्या ग्राहक कायद्याने तीस दिवसांत परत करून पैसे मागता येतात, आणि सहा महिन्यांपर्यंत दोष आधीपासून नव्हता हे त्याने सिद्ध करायचं असतं. खासगी माणसाकडून घेतली तर वर्णनाशी जुळते का, एवढाच मुख्य आधार. म्हणून हे लोक बहिणी जन्माला घालतात. असं वेषांतर करणं गुन्हा आहे, पण तो करणाऱ्याचा फोन तोवर बंद होता. सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न विचारला, फोनवर तो 'कुठली गाडी' म्हणाला होता का? स्वतःची एकच गाडी विकणारा माणूस असं विचारत नाही.

चुकीच्या पास निकालाविरुद्ध डीव्हीएसएकडे, म्हणजे एमओटीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, दाद मागता येते : गंजासाठी तीन महिने, बाकी दोषांसाठी २८ दिवस, आणि हे तपासणीच्या तारखेपासून. आपण गाडी घेतली त्या दिवसापासून नव्हे. बुशची मुदत तर गेलीच होती. गंजाची फेरतपासणी झाली, गाडी नापासच करायला हवी होती असं लेखी आलं. त्या गॅरेजचं काय करायचं ते ते बघतील, माझ्या पैशाशी त्याचा संबंध नव्हता. दुरुस्तीला चौदाशे सांगितले. भंगारात २६० आले.

मी परत बसने जाते. चहाच्या सुट्टीत हल्ली सिस्टर लोक मला नंबरप्लेटी पाठवतात, मी तळापासून वाचून सांगते. गेल्या महिन्यात केरळहून नुकत्याच आलेल्या एका मुलीला एक गाडी फार आवडली होती. इतिहास बरा होता, शेवटच्या वर्षी ब्रेक डिस्क बदलल्याची पावतीही आहे म्हणाले होते. मी म्हटलं, फोन स्पीकरवर टाक, आणि फक्त एवढंच म्हण, गाडीबद्दल फोन केलाय.

"कुठली?" पलीकडून आवाज आला.

तिने माझ्याकडे बघितलं आणि फोन ठेवला.