रोपे, परसबाग की प्लॅस्टिकची पोती: लहान शाळेने यंदा कशाला हात घालावा?

शाळा उघडली की व्यवस्थापन समितीच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीत यंदा पर्यावरणासाठी काय करायचे हा विषय निघतो आणि पावसाळा तोंडावर असल्यामुळे बहुधा फारशी चर्चा न होता वृक्षारोपण ठरते. ते ठरवण्यापूर्वी इतर पर्याय शेजारी ठेवून पाहावेत, म्हणून हा आढावा घेतला आहे. डोळ्यांपुढे आहे ती पहिली ते चौथीची, ऐंशीच्या आसपास पटाची आणि तीन शिक्षकांची गावातली शाळा. अशा शाळेला एका वर्षात एकच उपक्रम नीट पेलतो, त्यामुळे निवड करावीच लागते.

निवडीची माझी कसोटी शाळेच्या वेळापत्रकातून आली आहे. आपली शाळा जूनच्या मध्यास, विदर्भात त्याहून थोडी उशिरा, सुरू होते आणि मे महिन्याच्या आरंभी बंद होते. उपक्रमाला सर्वांत जास्त राबणूक लागते तेव्हा मुले शाळेत असतील का, आणि केलेल्या कामाचे फळ त्याच मुलांना त्याच वर्षी दिसेल का, हे दोन प्रश्न विचारले की पर्यायांचा क्रम बराच बदलतो.

वृक्षारोपण पहिल्याच प्रश्नाला अडखळते. जुलैमध्ये लावलेल्या रोपाला पावसाळाभर कोणी पाहिले नाही तरी चालते, पण त्याची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते आणि त्यातल्या मे महिन्यात शाळेला कुलूप असते. पन्नास रोपे लावली आणि प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा पंधरा लिटरची एक बादली द्यायची म्हटली, तर आठवड्याला १,५०० लिटर पाणी लागते. सुट्टीत ते कोण घालणार, हे समारंभाच्या दिवशी ठरलेले नसते. राज्याच्या मोहिमेचे लक्ष्य २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी असे वाढत गेले, आणि त्या काळात रोपे लावल्याची संख्या कळवण्याची सवय शाळांनाही लागली. जगलेल्या रोपांची संख्या मात्र मे महिन्याच्या अखेरीस मोजावी लागते. एका शाळेत मी सलग तीन वर्षे त्याच खड्ड्यात नवे रोप लावताना पाहिले आहे. फोटोत दर वर्षी फक्त मुले वेगळी होती.

तरीही झाडे लावायचीच असतील तर पन्नासऐवजी पाच लावावीत. पाच रोपांना आठवड्याला १५० लिटर पाणी पुरते आणि एवढे पाणी शेजारची दोन-तीन घरे सुट्टीत देऊ शकतात. रोप चौथीतल्या मुलाच्या नावावर करणे हा एक गोड पण चुकीचा रिवाज आहे, कारण ते मूल पुढच्या जूनमध्ये पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेलेले असते. दुसरीतले मूल आणि शाळेलगतचे एक घर अशी जोडी लावल्यास निदान दोन उन्हाळे सांभाळले जातात. करंज, कडुनिंब, जांभूळ, बहावा ही आपल्या हवेत रुळलेली झाडे निवडावीत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे आणि त्याच्या फांद्या ठिसूळ असतात, त्यामुळे खेळाच्या मैदानाच्या कडेला तो नकोच. रोपवाटिकेतले रोप स्वस्त मिळते. खर्च कुंपणाचा असतो, आणि शेळ्यांच्या गावात कुंपणाशिवाय रोप लावणे म्हणजे त्यांना चारा घालणेच.

परसबाग या दोन्ही कसोट्यांना उतरते. मेथी आणि लाल माठ साधारण महिन्याभरात काढणीला येतात, मुळ्याला दीड महिना लागतो. म्हणजे दिवाळीनंतर पेरलेला वाफा नाताळच्या सुमारास खिचडीत उतरतो आणि ज्याने बी टाकले त्याच्याच ताटात भाजी येते. शेवटची काढणी मार्चमध्ये झाली की वाफा पालापाचोळ्याने झाकून ठेवावा; मे महिन्यात त्याला कोणाचीच गरज नसते. सात-आठ वर्षांच्या मुलाला पेलेल असेच हे काम आहे: लहान झारीने पाणी घालणे, तण उपटणे, उगवलेल्या रोपांची उंची पट्टीने मोजून वहीत लिहिणे.

पाण्याची सोयही शाळेतच असते. जेवणापूर्वी ऐंशी मुलांनी अर्धा-अर्धा लिटर पाण्याने हात धुतले तरी दिवसाला ४० लिटर पाणी वाहून जाते. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ वाढवण्याची आपल्या घरांतली जुनी रीत येथे जशीच्या तशी लागू पडते. पालेभाज्यांच्या वाफ्याला मात्र साबणाचे पाणी न देता हंड्यात उरलेले शिळे पाणी घालावे.

खताचे गणित थोडे समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक शाळा इथेच चुकतात. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजीचे प्रमाण धरलेले आहे, म्हणजे ऐंशी मुलांसाठी रोज चार किलो भाजी चिरली जाते. तिची साले आणि देठे खड्ड्यात जावीत, पण ताटातली उरलेली खिचडी जाऊ नये. तेल-मिठाचे शिजलेले अन्न गांडुळांना मानवत नाही, वास सुटतो, उंदीर येतात आणि महिन्याभरात स्वयंपाक करणाऱ्या ताईच खड्डा बुजवायला सांगतात. उरलेले अन्न गुरांना द्यावे. चौथीच्या मुलांनी ते रोज तोलून फळ्यावर आकडा लिहावा, म्हणजे वाढताना हात आपोआप आवरता घेतला जातो. नुसत्या पाचोळ्याचा आणि सालींचा खड्डा ओलसर आणि सावलीत ठेवला तर गांडुळांशिवायही खत होते, फक्त वेळ अधिक लागतो.

परसबागेची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन-चार वाफ्यांतून रोजची चार किलो भाजी कधीच निघणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा एक पालेभाजी निघाली तरी ती चांगली साधली असे समजावे. जो कोणी पोषण आहाराचा भाजीखर्च वाचेल म्हणून परसबाग सुचवतो, त्याने ती केलेली नसावी.

प्लॅस्टिक संकलनाबद्दल थोडक्यातच सांगायचे आहे. त्याला खर्च नाही आणि जागा लागत नाही, हे खरे. पाण्याच्या बाटल्या भंगारवाला घेतो, पण मुलांच्या खिशातून निघणारी बिस्किटांची आणि चिप्सची चकचकीत वेष्टणे अनेक थरांची असल्यामुळे तो घेत नाही, आणि सहामाहीअखेर शाळेच्या व्हरांड्यात पोती साचतात. वजनाची स्पर्धा लावल्यास मुले जास्त पुडे विकत घेऊन खातात. गटारातून कचरा वेचायला लहान मुलांना कधीही लावू नये. आठवडाभर वर्गातली वेष्टणे मोजून कोणत्या खाऊचा कचरा जास्त होतो याचा तक्ता करणे मात्र उपयोगाचे आहे, आणि ते परसबागेच्या जोडीनेही करता येते.

छतावरचे पावसाचे पाणी साठवणे हे मोठ्यांचे आणि पैशाचे काम आहे. १०० चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. त्यातले ८० लिटर हाती लागले असे धरले तर ५,००० लिटरची टाकी सुमारे ६३ मिलिमीटर पावसात भरते, आणि कोकणात जुलैच्या एका दिवसातही तेवढा पाऊस पडू शकतो. ग्रामपंचायतीकडून निधी मिळत असेल तर ते अवश्य करावे, पण त्याला मुलांचा उपक्रम म्हणू नये. मुलांचा वाटा म्हणजे सरळ भिंतींच्या बरणीला पट्टी चिकटवून रोज सकाळी पाऊस मोजणे.

म्हणून माझी शिफारस परसबाग आणि पाचोळ्याचा खड्डा, आणि सोबत हवीच असतील तर पाच झाडे. अपवाद एकाच शाळेचा: जिथे फेब्रुवारीतच नळ कोरडा पडतो आणि मुले घरून पाण्याची बाटली आणतात, तिथे दिवाळीनंतरचा वाफा लावू नये. तिथे परसबाग जून ते दिवाळी एवढीच ठेवावी, पावसावर येणारा दोडका आणि भोपळा कुंपणावर चढवावा, आणि टाकीच्या निधीचा अर्ज त्याच जूनमध्ये द्यावा.