जर्मनीत घर मांडताना क्लाइनआनत्साइगन: काय डोळे उघडे ठेवून घ्यावं आणि काय घेऊच नये

जर्मनीत भाड्याचं घर ताब्यात येतं तेव्हा बऱ्याचदा त्यात भिंती, फरशी आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी एवढंच असतं. दिवे नसतात, कपाटं नसतात. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या जागी नुसती पाण्याची जोडणी आणि शेगडीसाठी भिंतीत विजेचा डबा. घरमालकाने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत अनामत आधीच घेतलेली असते. अशा वेळी सगळं नवीन घेणं परवडत नाही आणि गरजही नाही, कारण क्लाइनआनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर जवळपास सगळं जुनं मिळतं, तेही चांगल्या अवस्थेतलं. मे २०२३ पर्यंत हिचं नाव ईबे क्लाइनआनत्साइगन होतं. आता ती ईबेपासून वेगळी साइट आहे, त्यामुळे जुनी माहिती वाचून ईबेवर शोधत बसू नका.

आमचं मत स्पष्ट आहे. जड, जवळच्या पत्त्यावरची, विकणाऱ्याच्या घरी चालवून बघता येणारी वस्तू घ्यायला याहून चांगली जागा जर्मनीत नाही. न बघता, टपालाने मागवायच्या महागड्या वस्तूसाठी मात्र आम्ही ही साइट सुचवणार नाही.

शोध जर्मन शब्दांनीच करा: वाशमशीने (वॉशिंग मशीन), क्यूलश्रांक (फ्रिज), श्राइबटिश (लिहायचं टेबल). इंग्रजी शब्द टाकले की निम्म्या जाहिराती दिसतच नाहीत. अंतर ५ ते १० किलोमीटर ठेवा आणि शोध जतन करा, म्हणजे नवी जाहिरात आली की लगेच सूचना मिळते. किमतीपुढे ‘फाउ बे’ (VB) असेल तर घासाघीस चालते, ‘फेस्टप्राइस’ असेल तर चालत नाही. भाव संदेशातच ठरवा. ठरलेली किंमत दारात उभं राहून पाडून मागणं इथे फार वाईट दिसतं. जाहिरातीत न सांगितलेला दोष निघाला तरच पुन्हा बोला. पहिल्या संदेशात नमस्कार, कधी नेऊ शकता आणि रोख देणार हे तीन वाक्यांत लिहिलं की उत्तर येण्याची शक्यता खूप वाढते. नुसतं ‘आहे का?’ विचारणाऱ्यांना बरेच विक्रेते उत्तरच देत नाहीत. विकणाऱ्याच्या नावाखाली तो साइटवर कधीपासून आहे ते दिसतं. कालपरवाचं खातं आणि भाव बाजारापेक्षा फार कमी, असं असेल तर ती जाहिरात सोडून द्या.

वॉशिंग मशीन घेताना सर्वांत जास्त पैसे वाचतात आणि सर्वांत जास्त फसगतही तिथेच होते. विकणाऱ्याला आधीच कळवा की मशीन काढून ठेवू नका, चालू बघायचं आहे. रिकाम्या ड्रमवर ‘श्लॉयडर्न’ म्हणजे पिळण्याचा प्रोग्राम लावा. वेग वाढताना घरघर किंवा खरखर वाढत गेली तर बेअरिंग गेलेलं आहे, आणि ते बदलण्याचा खर्च बहुधा जुन्या मशीनच्या किमतीपेक्षा जास्त होतो. दार उघडून ड्रम हाताने वर-खाली हलवा: स्प्रिंगवर झुलणं ठीक, पण ड्रम मागच्या टोकाला खडखडला तर नको. दाराच्या रबराची घडी उलटून बुरशी बघा. बॉश आणि सीमेन्सच्या मशीनवर दाराच्या आतल्या बाजूच्या पट्टीवर ‘एफडी’ आणि चार आकडे असतात. पहिल्या दोनांत २० मिळवा, उत्तराचे शेवटचे दोन आकडे म्हणजे साल, आणि पुढचे दोन म्हणजे महिना. ९४०८ म्हणजे ऑगस्ट २०१४. ‘चार वर्षं जुनी’ या दाव्याची शहानिशा इतकी सोपी आहे.

मशीन ६० ते ८० किलोंची असते, म्हणून दोन माणसं आणि पट्टे लागतातच. जाहिरातीत मजला आणि लिफ्ट यांचा उल्लेख नसेल तर विचारा. जुन्या इमारतींत चौथा मजला आणि लाकडी जिना ही नेहमीची गोष्ट आहे. हलवण्यापूर्वी खालच्या फिल्टरमधून उरलेलं पाणी काढा. ड्रम घट्ट धरणारे वाहतुकीचे बोल्ट विकणाऱ्याकडे आहेत का ते विचारा, कारण त्यांच्याशिवाय गाडीत ड्रम आपटतो आणि त्याची टांगणी बिघडते. घरी आल्यावर तेच बोल्ट काढायला विसरलात तर मशीन पहिल्याच फेरीत खोलीभर उड्या मारेल. नळाला जोडायची नळी, विशेषतः टोकाला जाड डबी असलेली अ‍ॅक्वास्टॉपची (गळती झाली की पाणी बंद करणारी), मागे राहू देऊ नका.

फ्रिज उभाच न्या. आडवा न्यावा लागलाच तर उभा करून काही तास, शक्यतो एक दिवस, तसाच ठेवा आणि मग लावा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. तो सहज निसटला तर थंडावा बाहेर जातो.

जुनं स्वयंपाकघर अख्खं विकत घेता येतं आणि स्वस्तात मिळतं, पण मोजमापाशिवाय हात लावू नका. सिंक डावीकडे की उजवीकडे, पाण्याचा नळ आणि शेगडीचा डबा कुठे, ओटा किती लांब, हे आपल्या भिंतीशी ताडून बघा. ‘सेल्ब्स्टआबबाउ’ लिहिलं असेल तर ते सुटं करायचं काम तुमचं, आणि त्यात अख्खा दिवस जातो. विजेची शेगडी सहसा ४०० व्होल्टच्या जोडणीवर असते. ती इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या. शेगडी इंडक्शनची आहे का हेही आधी विचारा. देशातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. काचेची साधी ‘सेरान’ शेगडी असेल तर चालेल. बुडाला चुंबक चिकटलं तर भांडं इंडक्शनचं.

सायकल घेताना आधी मालकी, मग गिअर. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम ९३५ नुसार चोरीची वस्तू तुम्ही प्रामाणिकपणे पैसे देऊन घेतली तरी तिचे मालक होत नाही. मूळ मालक ती परत नेऊ शकतो, तुमचे पैसे मात्र बुडतात. म्हणून फ्रेमवरचा नंबर बघा, तो खरवडलेला असेल तर निघा. मूळ बिल मागा, आणि नंबर लिहून दोघांच्या सह्यांचा साधा विक्री-कागद करा. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, घंटी आणि दोन स्वतंत्र ब्रेक हे कायद्याने लागतं. बऱ्याच जर्मन सायकलींना मागचा ब्रेक उलटं पेडल मारून लागतो. रहदारीत जाण्याआधी गल्लीत सवय करून घ्या.

गादी, हेल्मेट आणि गाडीतली मुलांची सीट अनोळखी माणसाकडून घेऊ नये. आदळलेलं हेल्मेट किंवा सीट बाहेरून धड दिसते आणि ऐन वेळी दगा देते. सोफ्याच्या शिवणींत काळे ठिपके दिसले तर ढेकूण समजा, मग तो फुकट असला तरी नको.

पैशांच्या बाबतीत नियम एकच: वस्तू हातात आली की रोख. पेपालवर ‘मित्र आणि कुटुंब’ म्हणून पाठवलेल्या रकमेला खरेदीदार-संरक्षण मिळत नाही, आणि फसवणारे नेमका तोच मार्ग सुचवतात. साइटची स्वतःची ‘सिशर बेत्सालेन’ म्हणजे सुरक्षितपणे पैसे देण्याची सोय आहे, पण ती फक्त साइटच्या किंवा अ‍ॅपच्या संवादातच चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने आलेली तिची लिंक खोटीच समजा. तुम्ही विकत असताना कुणी ‘पैसे मिळवायला कार्डचा नंबर टाका’ म्हणालं तर तिथेच थांबा. पासपोर्टचा फोटो कुणालाही देऊ नका. त्याच फोटोने पुढच्या माणसाला गंडवलं जातं.

खाजगी विक्रेता जाहिरातीत हमी नाकारू शकतो आणि जवळजवळ सगळे नाकारतात. म्हणून फोन आणि लॅपटॉप दुकानदाराकडून घेणं शहाणपणाचं. त्याला वापरलेल्या वस्तूवरही निदान एक वर्ष दोषांची कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागते. फर्निचरसाठी हाम्बुर्गचं श्टिलब्रुख, बर्लिनचं नॉखमॉल आणि म्युनिकचं हाले त्स्वाय ही कचरा-व्यवस्थापनाशी जोडलेली जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. निवड कमी, पण वस्तू हात लावून बघता येते. मिक्सर मात्र देशात परतणाऱ्या भारतीयाकडूनच घ्या. विजेचा दाब इथेही २३० व्होल्टच आहे, फक्त प्लगला अ‍ॅडॉप्टर लागतो.

घरांचे करार बहुधा महिनाअखेरीला संपतात. त्या आठवड्यात घर रिकामं करून देण्याची घाई असलेले लोक कपाटं, टेबलं अर्ध्या भावात किंवा ‘त्सु फेरशेंकन’ म्हणजे फुकट देतात. पण ‘आज संध्याकाळी न्या’ म्हटलं की आजच जावं लागतं, त्यामुळे तासावर मिळणारी व्हॅन आणि दुसरा माणूस आधी ठरवून मगच संदेश पाठवा.